‘व्हिलन’ : शेतकऱ्याला ठेवलेले नाव

मराठीतील ‘नाव ठेवणे’ हा वाक्प्रचार दुधारी आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आपण बालकाचे नाव ठेवतो, आणि एखाद्याचे वागणे आवडले नाही की त्याला नावे ठेवतो. पहिल्या कृतीत माणसाला समाजात जागा मिळते, दुसरीत ती काढून घेतली जाते. पण क्रियापद एकच. दोन्ही वेळी नाव ठेवणारा बोलत असतो आणि ज्याला ते ठेवले जाते तो गप्प असतो, हे लोकभाषेने फार पूर्वी ओळखले असावे.

इंग्रजीतील ‘व्हिलन’ या शब्दाचा इतिहास हा या वाक्प्रचारावरील दीर्घ भाष्यच म्हणता येईल. हा शब्द आता मराठीत पुरता रुळला आहे. चित्रपट पाहून परतणारा शाळकरी मुलगाही तो वापरतो, आणि समीक्षक त्याच्या जागी ‘खलनायक’ हा भारदस्त प्रतिशब्द योजतो. परंतु मूळ शब्दाचा वाईटपणाशी काहीही संबंध नव्हता. व्हिलन म्हणजे शेतकरी, दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा शेतकरी. त्या शेतकऱ्याचा दुर्जन कसा झाला, कोणी केला, आणि थोर साहित्याने या अन्यायाला काय उत्तर दिले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१

लॅटिनमध्ये ‘व्हिला’ म्हणजे गावाकडची जमीनजुमल्यासह असलेली वाडी. त्या वाडीवर राहून राबणारा तो ‘व्हिलानुस’. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा ‘व्हिलॅं’ झाला आणि नॉर्मन सरदारांबरोबर हा शब्द इंग्लंडमध्ये उतरला. ‘व्हिलेज’ हा शब्दही याच कुळातला. एकाच मुळाची ही तीन भावंडे, पण त्यांचे दैव पाहा. वाडीच्या वास्तूचे नाव आज बंगल्यांच्या फाटकांवर संगमरवरात कोरलेले दिसते. वस्तीचे नाव साधेसुधे, निरुपद्रवी राहिले. ज्या माणसाच्या घामावर ती वास्तू आणि ती वस्ती उभी होती, त्याचे नाव मात्र शिवी झाले.

इ. स. १०८६ मध्ये विल्यम राजाने इंग्लंडच्या जमिनींची जी प्रचंड मोजदाद करविली, त्या ‘डूम्सडे बुक’मध्ये नोंदलेल्या माणसांपैकी सुमारे चाळीस टक्के ‘व्हिलानी’ आहेत. तेथे या शब्दाला निंदेचा वासही नाही. हा मोजदादीचा शब्द आहे. गावकरी एवढाच त्याचा अर्थ. पुढील दीडदोनशे वर्षांत न्यायालयांनी या माणसाभोवती कायद्याचे कुंपण घातले. त्याने आठवड्यातील ठरावीक दिवस मालकाच्या शेतावर फुकट राबावे. मुलीचे लग्न करताना मालकाला पैसे भरावेत. तो मेला की घरातील उत्तम जनावर मालकाने न्यावे. परवानगीवाचून त्याने गाव सोडू नये. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, आपल्या मालकाविरुद्ध जमिनीची फिर्याद घेऊन तो राजाच्या न्यायालयात उभा राहू शकत नव्हता. ‘हा माझा व्हिलिन आहे’ असे मालकाने सिद्ध केले की दावा तेथेच संपत असे. एका शब्दाने माणसाचे तोंड बंद होई.

कायद्याने तोंड बंद केले, आणि साहित्याने त्याच सुमारास चेहरा विद्रूप केला. बाराव्या-तेराव्या शतकांतील फ्रेंच दरबारी काव्यात ‘कूर्त्वा’ आणि ‘व्हिलॅं’ ही विरोधी जोडी आढळते. कूर्त्वा म्हणजे दरबारी आणि म्हणून सुसंस्कृत. व्हिलॅं म्हणजे गावचा आणि म्हणून असभ्य, कुरूप, कंजूष, प्रेमाला नालायक. तेराव्या शतकातील ‘रोमान द ला रोझ’ या रूपककाव्यात प्रेमाच्या बागेबाहेरील भिंतीवर ज्या दुर्गुणांची चित्रे आहेत, त्यांत ‘व्हिलनी’ ही एक आहे. शेतकरीपण हा आता दुर्गुण झाला होता. ‘क्षुद्र’, ‘स्वस्त’ या अर्थाचा ‘व्हिलिस’ हा लॅटिन शब्द वेगळ्या मुळाचा; परंतु उच्चारसाम्यामुळे त्याचीही सावली या शब्दावर पडली असावी.

असे एकट्या याच शब्दाचे झाले नाही. ‘नेव्ह’ म्हणजे मूळचा पोऱ्या, पुढे हरकाम्या नोकर, शेवटी लबाड. ‘चर्ल’ म्हणजे साधा कुळवाडी, नंतर आडदांड, उद्धट मनुष्य. ‘बोअर’ हा शेतकरी, पण इंग्रजीत त्याचा रानटी झाला. उलट बाजूला ‘नोबल’ आणि ‘जंटल’ हे उच्च कुळाचे वाचक शब्द, ते सद्गुणांचे वाचक बनले. सी. एस. लुईस यांनी ‘स्टडीज इन वर्ड्‌स’ (१९६०) या ग्रंथात या प्रक्रियेची चिकित्सा केली असून, दर्जावाचक शब्दांचे नीतिवाचक होणे असे तिचे वर्णन केले आहे. त्यांच्याही आधी नीत्शे याने १८८७ साली नीतीच्या वंशावळीचा शोध घेताना जर्मन भाषेतील ‘वाईट’ या शब्दाच्या मुळाशी ‘साधा, सामान्य’ हा अर्थ असल्याचे दाखविले होते. शब्द वरच्या मजल्यावर घडतात आणि खालच्या मजल्यावरील माणसांना चिकटतात, असे या दोघांच्या निरीक्षणाचे सार काढता येईल.

२

येथे एक कडू गोष्ट नमूद केली पाहिजे. वरच्या मजल्यावर केवळ सरदार नव्हते, मठही होते. मध्ययुगीन इंग्लंडमधील मोठमोठे बेनेडिक्टाइन मठ हे मोठे जमीनदार होते आणि त्यांचे स्वतःचे व्हिलिन होते. सेंट ऑल्बन्सच्या मठाची कथा या दृष्टीने बोलकी आहे. मठाच्याच गिरणीत दळण दळले पाहिजे, असा तेथील नियम होता. रयतेने घरोघरी हातजाती ठेवली, तेव्हा चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड याने ती जप्त केली आणि मठाच्या दालनाची जमीन त्या जात्यांच्या तळ्यांनी फरसबंद करविली. गोरगरिबांची जाती पायाखाली घालून मठ चालत राहिला. १३८१ मध्ये शेतकऱ्यांचे बंड पेटले, तेव्हा रयतेने मठात शिरून ती फरशी उखडली आणि जात्यांचे तुकडे आपसांत वाटून घेतले.

याच बंडात जॉन बॉल हा धर्मगुरू होता. आदाम शेतात खणत होता आणि हव्वा सूत कातीत होती, त्या वेळी उमराव कोण होता, असा प्रश्न तो लोकांना विचारीत असे. १४ जून १३८१ रोजी माइल एंड येथे चौदा वर्षांच्या दुसऱ्या रिचर्डने वेठबिगारी रद्द करण्याचे वचन दिले. दुसऱ्याच दिवशी स्मिथफील्ड येथे शेतकऱ्यांचा पुढारी वॉट टायलर मारला गेला. जुलैच्या आरंभी राजाने दिलेल्या सनदा परत घेतल्या आणि त्याच महिन्याच्या मध्यावर जॉन बॉलला सेंट ऑल्बन्स येथे देहदंड झाला. या बंडाचा एक विस्तृत वृत्तान्त टॉमस वॉल्सिंगहॅम या इतिवृत्तकाराने लिहिला आहे. तो सेंट ऑल्बन्सचाच भिक्षू होता. ज्यांची जाती फरशीत बसविली गेली, त्यांच्यापैकी कोणी इतिहास लिहिला नाही. ज्यांच्या पायाखाली ती फरशी होती, त्यांच्यापैकी एकाने लिहिला. ‘व्हिलन’चा अर्थ का बदलला, याचे याहून स्पष्ट उत्तर शोधावयास नको. लेखणी कोणाच्या हातात होती, एवढेच विचारावे.

परंतु याच मठांच्या आणि चर्चच्या छायेत दुसरा आवाजही उमटत होता, हे विसरणे अन्यायाचे होईल. लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या चौदाव्या शतकातील काव्यात सत्याची वाट दाखविणारा मनुष्य सरदार नाही, बिशप नाही, तर नांगरधारी पिअर्स आहे. बंडखोरांच्या पत्रांत या पिअर्सचे नाव येते, यावरून हा आवाज कोठवर पोहोचला होता हे समजते. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये बाथच्या बाईच्या कथेतील वृद्धा एका उमद्या सरदाराला सुनावते की, कुलीनता पूर्वजांकडून मिळत नाही, ती देवाची देणगी आहे; आणि जो पापकर्म करतो तोच खरा हलका, मग तो ड्यूकचा पुत्र का असेना. हा क्षण महत्त्वाचा आहे. शेतकऱ्याचे नाव दुष्टाला देणे हा शेतकऱ्यावरील अन्याय खराच. पण एकदा हा शब्द जन्मापासून सुटून कर्माला चिकटला की तो राजालाही लागू शकतो. शिवी म्हणून घडविलेले हत्यार घडविणाऱ्यावरच उलटू लागते.

३

या उलटण्याचे अत्यंत खेळकर उदाहरण तेराव्या शतकाच्या आसपासच्या एका फ्रेंच पद्यकथेत सापडते. वादविवादाने स्वर्ग जिंकणाऱ्या व्हिलॅंची ती कथा. एक शेतकरी मरतो. त्याचा आत्मा न्यावयास ना देवदूत येतो, ना सैतान. त्याची कोणालाच गरज नसते. रुतेब्युफ या त्याच शतकातील कवीच्या एका प्रहसनात तर नरकाचे दारही व्हिलॅंला बंद होते. आपल्या कथेतील हा आत्मा मात्र दुसऱ्या एका आत्म्याला घेऊन जाणाऱ्या संत मिखाएलच्या मागोमाग स्वर्गाच्या दारी येतो. पेत्र त्याला अडवितो : ही जागा तुझ्यासारख्यांसाठी नाही. शेतकरी शांतपणे विचारतो, प्रभूला तीन वेळा नाकारणारा कोण होता? पेत्र लाजून मागे सरतो. थोमा पुढे येतो. जखमांना हात लावल्याशिवाय विश्वास न ठेवणाऱ्याची आठवण त्याला करून दिली जाते. पौल येतो, स्तेफनाला दगडमार झाला तेव्हा तू कोणाच्या बाजूला होतास, असा प्रश्न त्याला ऐकावा लागतो. अखेर प्रकरण खुद्द देवापुढे जाते. शेतकरी सांगतो : मी भुकेल्यांना जेवू घातले, उघड्यांना वस्त्र दिले, वाटसरूंना आसरा दिला. देव त्याला आत ठेवून घेतो.

वरवर ही कथा हसविण्यासाठी आहे. संतांची थट्टा म्हणून ती कोणी बाजूस सारू नये. शेतकरी संतांचे पावित्र्य नाकारीत नाही. तुम्हीही क्षमा मिळालेले आहात, एवढेच तो त्यांच्या ध्यानात आणून देतो. स्वर्गाच्या दारातील प्रत्येकाला कोणीतरी एकदा नाव ठेवता आले असते. त्यांच्या कर्मावरून त्यांची जागा कायमची ठरली नाही, मग या माणसाच्या जन्मावरून त्याची का ठरावी? राजाच्या न्यायालयात ज्याला तोंड उघडण्याची मुभा नव्हती, तो देवाच्या न्यायालयात स्वतःचा वकील होतो, यात या कथेची खरी ताकद आहे.

लूकच्या शुभवर्तमानातील एक गोष्ट येथे स्मरते. येशूबरोबर क्रुसावर दिलेल्या दोघांसाठी लूक जो ग्रीक शब्द वापरतो, त्याचा सरळ अर्थ ‘वाईट कर्म करणारा’ असा होतो. हा शब्द जन्मावरून नव्हे, कृत्यावरून आलेला. मत्तय आणि मार्क त्या दोघांना लुटारू म्हणतात आणि दोघेही निंदा करीत होते एवढेच सांगतात. लूक मात्र त्यांतील एकाला बोलू देतो. तो स्वतःचा अपराध स्वतःच्या तोंडाने मान्य करतो, शेजारच्याची निर्दोषता सांगतो आणि आठवण ठेवण्याची विनंती करतो. त्याचे खरे नाव शुभवर्तमानात नाही, पण त्याचे शब्द आहेत. लेखक म्हणून लूकचे मोठेपण या निवडीत आहे.

४

इंग्रजी साहित्यात या शब्दाचा सर्वांत खोल विचार अर्थातच शेक्सपिअरने केला. त्याच्या काळी दोन्ही अर्थ जिवंत होते. न्यायालयात कोणी कोणाचा व्हिलिन आहे की नाही, याचा शेवटचा समजला जाणारा खटला १६१८ सालचा. म्हणजे शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी लढला गेलेला. त्यामुळे त्याच्या रंगभूमीवर हा शब्द उच्चारला जाई, तेव्हा प्रेक्षकाच्या कानात ‘दुष्ट’ आणि ‘वेठबिगार’ हे दोन्ही सूर वाजू शकत.

‘ॲज यू लाइक इट’च्या पहिल्याच प्रवेशात थोरला भाऊ ऑलिव्हर धाकट्या ऑर्लंडोला हा शब्द फेकून मारतो. ऑर्लंडो तो झेलतो आणि त्याचा जुना अर्थ पुढे करतो : मी सर रोलंडचा मुलगा, मी व्हिलन कसा? आपल्या बापाच्या पोटी व्हिलन निपजले असे जो म्हणतो, तोच तिप्पट व्हिलन. एका वाक्यात शब्दाचा कुळवाचक अर्थ नाकारला जातो आणि नीतिवाचक अर्थ ऑलिव्हरच्या पदरात पडतो. तिसरा रिचर्ड जगाशी हिशेब चुकता करण्यासाठी आपण व्हिलन व्हावयाचे ठरविले आहे, असे प्रेक्षकांना जाहीर सांगतो. येथे राजकुळातील मनुष्य ते नाव स्वखुशीने स्वीकारतो. हॅम्लेट आपल्या टिपणवहीत नोंद करतो की मनुष्य हसतमुख राहूनही व्हिलन असू शकतो. ती नोंद एका राजाविषयी असते. शब्द शेतातून निघून सिंहासनापर्यंत पोहोचला आहे.

परंतु या सर्वांहून भेदक प्रसंग ‘किंग लिअर’च्या तिसऱ्या अंकातील सातव्या प्रवेशात येतो. वृद्ध ग्लॉस्टरला त्याच्याच घरात खुर्चीला बांधलेले आहे. रीगन त्याला विश्वासघातकी व्हिलन म्हणते. तिचा नवरा कॉर्नवॉलचा ड्यूक त्याचा एक डोळा फोडतो आणि दुसऱ्याकडे वळतो. इतक्यात बाजूला उभा असलेला एक नोकर पुढे येऊन त्याला थांबावयास सांगतो. लहानपणापासून मी तुमची चाकरी केली, पण आता तुम्हांला अडविण्याइतकी चांगली चाकरी मी कधी केली नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. कॉर्नवॉलच्या तोंडून त्यावर जो उद्गार निघतो, त्यात केवळ ‘व्हिलन’ नाही, ‘माझा’ हे स्वामित्वाचे विशेषणही आहे. माझा व्हिलन! माझ्या मालकीचा मनुष्य माझ्यासमोर उभा राहतो! रीगनलाही धक्का बसतो तो शेतकऱ्याने मान वर केल्याचा. ती तलवार घेऊन त्याला पाठीमागून भोसकते. पण तोवर त्याने ड्यूकला जी जखम केलेली असते, तिनेच ड्यूक पुढे मरतो. प्रवेश संपता संपता आंधळ्या ग्लॉस्टरला त्याच शब्दाने हिणवून दाराबाहेर काढले जाते आणि नोकराचे प्रेत उकिरड्यावर फेकण्याचा हुकूम सुटतो.

एका छोट्या प्रवेशात हा शब्द निरनिराळ्या माणसांवर पडतो. एक विश्वासू वृद्ध, दुसरा सदसद्विवेक जागा असलेला नोकर. ज्याला तो खरोखर लागू आहे, त्याच्याच मुखात तो आहे. शेक्सपिअर हे कोणत्याही पात्राकडून वदवून घेत नाही. प्रेक्षकाने ते आपणहून ओळखावे अशी रचना करतो. या नोकराला नाटकात नाव नाही. तो ‘पहिला नोकर’ आहे, आणि त्याच्या वाट्याला अवघी काही वाक्ये आली आहेत. पण लिअरच्या काळोख्या जगात अन्यायाच्या आड शरीर घालणारा पहिला मनुष्य तोच. १६०८ च्या मुद्रित आवृत्तीत या प्रसंगानंतर उरलेले दोन नोकर ग्लॉस्टरच्या रक्ताळलेल्या चेहऱ्याला जवस आणि अंड्याचा बलक नव्हे, तर पांढरे लावण्याची व्यवस्था करतात. १६२३ च्या संग्रहात हा तुकडा नाही. तो गाळला जातो तेव्हा नाटक अधिक निर्दय होते, यात शंका नाही.

हा प्रवेश मराठीत आणणाऱ्याची अडचण लक्षात घ्यावी. ‘दुष्टा’ म्हटले तर मालकी जाते. ‘गुलामा’ म्हटले तर नैतिक आरोप जातो. ‘हरामखोरा’ म्हटले तर केवळ राग उरतो. दोन्ही अर्थ एकत्र धरणारा शब्द सापडत नाही. तथापि आपल्याकडे असा प्रकारच नाही, असे समजण्याचे कारण नाही.

५

संस्कृत नाट्यशास्त्राने नायकाच्या विरोधकाला ‘प्रतिनायक’ म्हटले. धनंजयाचे ‘दशरूपक’ त्याची लक्षणे लोभी, उद्धत, पापी, व्यसनी अशी सांगते. म्हणजे ती स्वभावाची आणि कर्माची आहेत. तरी ‘मृच्छकटिका’तील शकाराला, राजाच्या त्या मेहुण्याला, कवीने मुद्दाम बोबड्या प्राकृतात बोलावयास लावले आहे, हे विसरता येत नाही. देवलांच्या संगीत नाटकामुळे मराठी रसिकांना हे पात्र परिचित आहे. त्याच नाटकात शकाराचा गाडीवान स्थावरक आहे. वसंतसेनेला ठार मार, असे मालक त्याला सांगतो. मालकाची सत्ता माझ्या शरीरावर आहे, चारित्र्यावर नाही, अशा आशयाचे उत्तर हा दास देतो. पुढे चारुदत्ताला वाचविण्यासाठी तो कोंडून ठेवलेल्या वाड्यातून उडी टाकतो आणि सत्य सांगतो. पण हा चोर आहे, चोरीबद्दल मी याला मारले म्हणून हा असे बोलतो, असे शकार म्हणतो आणि लोक दासावर विश्वास ठेवीत नाहीत. कॉर्नवॉलचा नोकर आणि हा स्थावरक यांच्यामध्ये हजाराहून अधिक वर्षे आणि अर्धे जग आहे. दोघांना दिलेले उत्तर मात्र एकच : तू कोण हे आम्ही ठरविले आहे, म्हणून तुझ्या बोलण्याला किंमत नाही. संस्कृत कवी अधिक दयाळू, इतकेच. त्याने शेवटी स्थावरकाला दास्यातून मुक्त केले आणि चारुदत्ताकरवी शकारालाही सोडून दिले.

‘खलनायक’ शब्दातील ‘खल’ म्हणजे दुर्जन. संस्कृतात ‘खल’चा दुसराही एक जुना अर्थ आहे : धान्य मळण्याची जागा. आपले ‘खळे’ त्यातूनच आले. हे दोन ‘खल’ एकाच मुळाचे मानण्याचे कारण नाही. तरीही वाडीवरच्या माणसाला दुष्ट ठरविणाऱ्या इंग्रजी शब्दासाठी आपण निवडलेल्या प्रतिशब्दात खळ्याचा ध्वनी यावा, हा योगायोग भाताच्या खळ्यावर वाढलेल्या वाचकाला अंतर्मुख करील. ज्ञानेश्वरांनी ‘पसायदाना’त हाच शब्द वापरला, पण त्यांनी खळांचा नाश मागितला नाही. त्यांचे वाकडेपण गळून पडो आणि सत्कर्माची आवड वाढो, असे ते म्हणाले. वाकडेपण वेगळे आणि मनुष्य वेगळा. व्हिलन शब्दाने शतकानुशतके जी गाठ घट्ट केली, ती येथे एका मागण्यात सुटते.

ग्रामीण मराठी चित्रपटाने तर या शब्दाचे चाकच उलटे फिरविले. निळू फुले यांनी पडद्यावर उभे केलेले व्हिलन राबणारे नाहीत; ते पाटील, सरपंच, साखरसम्राट आहेत. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या ‘सामना’ (१९७५) मध्ये हिंदुराव धोंडे पाटलाच्या साम्राज्यात एक कंगाल, व्यसनी मास्तर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारीत राहतो : तो नाहीसा झालेला मनुष्य कोठे गेला? जमिनीच्या मालकाला जाब विचारला जातो, आणि व्हिलन हे नाव मालकाकडे जाते. मध्ययुगीन इंग्लंडच्या रयतेला हा चित्रपट पाहून समाधान वाटले असते.

तरीही आपण निश्चिंत राहावे अशी स्थिती नाही. मराठीत फसविणाऱ्याला आपण सहज ‘भामटा’ म्हणतो. हेच नाव महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत एका समाजाच्या नावाचा भाग आहे. ‘चांडाळ’ ही शिवी जातीच्या नावाचीच. ‘ग्राम्य’ हा शब्द आपण समीक्षकांनी दोषवाचक म्हणून अजून जपून ठेवला आहे. इंग्रजी राजवटीने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्याची व्याप्ती वाढवीत नेली. त्यामुळे पाळण्यातील मूलही जन्मतः गुन्हेगार ठरले. सोलापूरच्या वसाहतीत अशी कुटुंबे तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली. १९५२ साली तो कायदा देशभर रद्द झाला, पण शब्द रद्द झाले नाहीत. लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या आत्मकथेला ‘उचल्या’ (१९८७) हेच नाव दिले, तेव्हा त्यांनी जगाने फेकलेला शब्द उचलून मुखपृष्ठावर ठेवला. इंग्रजी अनुवादाचे नाव ‘द ब्रॅन्डेड’, म्हणजे डाग दिलेला. साहित्य अकादमीचा पुरस्कार या पुस्तकाला १९८८ साली मिळाला, हे उचितच झाले. पण त्याचे वाङ्मयीन महत्त्व पुरस्कारापलीकडचे आहे. ज्याला नाव ठेवले होते, त्याच्या हातात लेखणी आली. सेंट ऑल्बन्सच्या रयतेला जे जमले नाही, ते येथे घडले.

६

या विवेचनातून समीक्षेसाठी एक कसोटी हाती येते. कथा-नाटकांतील दुष्ट पात्र किती भयंकर आहे, किती ‘रंगले’ आहे, याची चर्चा आपण पुष्कळ करतो. त्याऐवजी असे विचारावे : या कृतीत ज्याला वाईट ठरविले आहे, त्याला उत्तर देण्याची संधी लेखकाने दिली आहे काय? तो कर्माने वाईट ठरला आहे, की बोलीने, वस्तीने, कपड्याने आणि कातडीच्या रंगाने? दुष्ट दाखविण्यासाठी लेखकाने त्याला आगरी, वाडवळी, कोळी किंवा मोलकरणीच्या बोलीत बोलावयास लावले आहे काय, आणि सज्जनाला मात्र पुस्तकी मराठी दिली आहे काय? आपल्या स्वतःच्या समाजाच्या बोलींना एके काळी नागर रंगभूमीने हसण्यावारी नेले, हे आपण जाणतो. आता आपल्या कथांतील आदिवासी गडी, परप्रांतीय फेरीवाला, वाडीवर राबावयास आलेला मजूर यांना आपण कोणते शब्द देतो, हेही तपासले पाहिजे.

याचा अर्थ वाईटाला वाईट म्हणू नये, असा नव्हे. कॉर्नवॉल दुष्टच आहे, आणि शकाराचे कृत्य खुनाच्या प्रयत्नाचेच आहे. दुष्कृत्याला नाव दिलेच पाहिजे. ते न देणे हा दुबळ्यांशी द्रोह होईल. मात्र ते नाव कृत्याच्या मापाचे असावे, माणसाच्या जन्माच्या मापाचे नसावे. आणि ते ठेवल्यावर समोरच्याचे बोलणे ऐकून घेण्याइतके दार उघडे असावे. स्वर्गाच्या दारी आलेल्या त्या शेतकऱ्याला पेत्राने अडविले, पण त्याचे म्हणणे कोणीतरी ऐकले. साहित्याने निदान तेवढे तरी करावे.